जिन्याच्या वळणावर

वेदरली ग्रेंजचा मी व्यवस्थापक. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यामधलं हे लाल विटांचं घर पिढ्यानपिढ्या लॅसेटर घराण्याचं. पहिल्या महायुद्धात इथे जखमी शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात मुलींची शाळा. शेवटच्या वारस मिस ऑनर लॅसेटर. हॉटेलवाले मागे लागलेले असताना त्यांनी घर आमच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकलं आणि स्वतः फाटकाजवळच्या छोट्या घरात राहायला गेल्या. आता इथे प्रौढ माणसं आठवडाभर मुक्काम करून गाणं, सुतारकाम, चित्रकला शिकतात.

गेल्या ऑक्टोबरात चित्रकलेचा वर्ग जिन्याखाली बसला होता. शिकवणाऱ्या गिलियननं मला हाक मारली.

"डेन्झिल, वरच्या वळणावरचं ते दार कुठे उघडतं रे?"

"तिथे दार नाही."

"मग या सगळ्यांना काय एकदम वेड लागलंय?"

तिनं कागद जमिनीवर मांडले. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, एक सुईण, एक मेंढपाळीण. सगळ्यांनी एकाच जागी दार काढलं होतं. अरुंद, काळपट, डावीकडे पितळी मूठ. मी वर जाऊन भिंतीला हात लावला. गार चुना. पलीकडे नुसती हवा, आणि खाली भाजीचा मळा.

"सावली असेल," मी म्हणालो.

"असल्या ढगाळ उजेडात? बरं बाबा, तू म्हणशील तसं."

घराचा इतिहास मिस लॅसेटरांइतका कुणाला ठाऊक नव्हता. संध्याकाळी चहाला गेलो आणि गंमत म्हणून त्यांना हे सांगितलं. पावाला लोणी लावणारा त्यांचा हात थांबला.

"बंद आहे की उघडं?"

"काय?"

"दार रे. चित्रांत."

मी आठवून पाहिलं. "किलकिलं."

त्यांनी सुरी बशीत ठेवली. मग म्हणाल्या, "लहानपणी मला आणि सिसिलीला, माझ्या बहिणीला, दोघींनाच दिसायचं ते. एका नाताळात ती आत गेली. ती बुडाली असं समजून घरच्यांनी तळं उपसलं. मी घसा फोडून सांगत होते, पण ऐकतंय कोण? पुढे मलाही दिसेनासं झालं. म्हणून तर घर तुम्हाला दिलं, डेन्झिल. नीट बघायला शिकणारी माणसं येतील, कधीतरी कुणाला दिसेल."

मला त्यांची दया आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतला कोट घालून, गळ्यात निळा लोकरी मफलर गुंडाळून आल्या, तेव्हा नाही म्हणवेना. हात धरून वर नेलं, खुर्ची दिली. खाली वर्ग चालू होता.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"नाही दिसत."

खालून सुईणबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "जरा डावीकडे, आजी. हां. मूठ हाताशीच आहे तुमच्या."

मी चहा आणायला गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी.

"कुठे गेल्या?"

"आत," सुईणबाई सहज म्हणाल्या. "कुणीतरी आतून उघडलं की."

मी धावत वर गेलो.

भिंत. गार चुना.

पायाशी, जमिनीलगतची लाकडी पट्टी भिंतीला मिळते तिथे, त्यांच्या निळ्या लोकरी मफलरचे गोंडे बाहेर आलेले. मी वाकून ते चिमटीत धरले.

पलीकडून कुणीतरी मफलर हळूच ओढून घेतला.