ओट्याचं पोट

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी घडलेलं आहे हे.

काकांनी नव्या ओट्यासाठी मोठ्या हौसेने काळा दगड आणला होता. त्यात एक अख्खा सांगाडा. चोचीसारखा लांब जबडा, बारीक दात, फासळ्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा, माशासारखा दिसणारा सरपटणारा प्राणी... इक्थिओसॉर.

येईल त्याला काका ओटा दाखवायचे. मावशीला मात्र त्यावर भाजी चिरायचीही किळस यायची.

आधी वास सुरू झाला. कुजलेल्या माशांचा.

"तुझ्या नाकालाच काहीतरी झालंय," काका म्हणाले.

मग ओटा चिकट होऊ लागला. कितीही पुसा... फासळ्यांच्या मधे पुन्हा शेंबडासारखा थर.

मांजर स्वयंपाकघरात फिरकेनासं झालं.

त्या दुपारी मावशीने मासे खवलून, धुऊन ताटलीत ठेवले आणि ती कपडे वाळत घालायला गेली. परत आली तर...

ताटली जागेवर. मासे नाहीत.

आणि आवाज. गुड... गुड... पोट गुरगुरल्यासारखा. तिने नळ घट्ट पिळला. आवाज थांबेना. तिने ओट्याला कान लावला.

आवाज दगडातूनच येत होता. आणि दगड कोमट होता.

"अहो! आधी इकडे या!"

काका हसतच आले. दोघांच्या देखत जबड्याच्या टोकाशी दगड ओला झाला... आणि तिथून एक गोळा बाहेर पडला. चावलेलं मांस, काटे, पिवळट लाळ. मावशीने खवले सगळे काढले होते. यात मात्र नखाएवढे, जाड, चकाकते खवले होते. असला मासा तिने जन्मात पाहिला नव्हता.

काकांनी बोट लावलं.

"गरम आहे गं..." एवढंच म्हणाले आणि सिंकमध्ये भडाभडा ओकले.

दुसऱ्याच दिवशी ओटा उखडला. दगड विकायला मावशीने साफ नकार दिला. "दुसऱ्याच्या घरात ही घाण कशाला?" तेव्हापासून तो घरामागे पालथा पडलाय.

परवा गेलो तेव्हा मी विचारलं, "मावशी, उलटून बघू का?"

"हात लावू नकोस!" ती ओरडलीच. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याचं पोट भरलंय की रिकामं, मला बघायचं नाही."

मी हात लावला नाही. पण दगडाखाली मुंग्यांची रांग चालली होती. एकामागून एक आत शिरत होत्या. बराच वेळ तिथे उभा राहिलो...

बाहेर येणारी एकही दिसली नाही.