लाईट कधी येणार

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटायची नाही त्यांनी पुढं वाचू नये. उगाच खाली कॉमेंटमध्ये येऊन माझं डोकं खाऊ नये.

घडली ती दोन हजार नऊच्या मे महिन्यात. मुळशीत, घोटावड्याच्या पुढच्या एका वाडीवर. वाडीचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुष्कळांनी छळलंय, त्यात भुताचे शौकीन नकोत.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती.

ज्याच्याबरोबर घडली तो चंद्रकांत, माझ्या मावसबहिणीचा, सुलक्षणाचा नवरा. मूळचा बार्शीकडचा. सर्व्हेचा इंजिनिअर. घर महाळुंग्याच्या नव्या सोसायटीत. त्याच महिन्यात एकदा आमच्याकडं जेवायला आला होता आणि आमरसाच्या तिसऱ्या वाटीला म्हणाला, "भूत? अरे, मी स्मशानात खुंट्या ठोकल्यात. जमिनीखाली काय आहे ते मला वर उभ्या उभ्या कळतं. भूत असलं तर आधी मला कळेल, मग त्याला."

सुलक्षणा म्हणाली, "आधी फ्रिजच्या मागं काय मेलंय ते सांग. आठवडा झाला वास येतोय."

पुढच्या आठवड्यात हा माणूस घरातल्या फरशीकडंसुद्धा बघायला तयार नव्हता.

झालं असं. हिंजवडीहून घोटावड्यावरून पिरंगुटला एक छोटी रेल्वे न्यावी, असं कुणाच्या तरी मनात आलं. मोठी मेट्रो नाही. हलकी, दोन-तीन डब्यांची, रस्त्याकडेनं जाणारी. इंग्रजीत तिला लाईट रेल म्हणतात.

या एका शब्दानं घात केला.

मुळशीत लाईट म्हणजे वीज. दुसरा अर्थच नाही. त्या वर्षी भारनियमन असं, की लाईट आली की पोरं आरडायची आणि गेली की म्हातारे आई-बहिणीवरून सुरू व्हायचे.

ग्रामपंचायतीत सभा झाली. सल्लागार कंपनीचे कौस्तुभ सर, म्हणजे चंद्रकांतचे वरिष्ठ, लॅपटॉप आणि चंद्रकांतला घेऊन आले. वय लहान, गॉगल मोठा. पडद्यावर चित्रं दाखवायला जनरेटर लावला होता, कारण लाईट नव्हती.

सर म्हणाले, "लाईट रेल तुमच्या दारात येणार."

लोकांनी पहिला शब्द ऐकला. पुढचा ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

भिकाजी उठला. वाडीतला जुना जाणता माणूस. "दिवसाबी ऱ्हानार का?"

"अफकोर्स. सकाळपासून रात्रीपर्यंत."

"मधीच जानार न्हाई?"

"दर दहा मिनिटांनी येणार आणि जाणार."

भिकाजी खाली बसला. "मंजी आत्ता हाय तशीच."

तरी हात सगळ्यांनी वर केले. दारात येणार म्हणाला ना माणूस. तेवढ्यात जनरेटरचं डिझेल संपलं आणि सभाही संपली.

चंद्रकांतला सगळं कळलं होतं. बाहेर आल्यावर त्यानं सरांना सांगितलं, "सर, हे लोक वीज समजलेत."

सर म्हणाले, "सो? परमिशन मिळाली ना? तू इंजिनिअर आहेस, डिक्शनरी नाहीस."

चंद्रकांत हसला. इथं मला त्याचा राग येतो. आजही येतो.

वाडीच्या टोकाला, बौद्धवस्तीच्याही पलीकडं, गोजराबाईंचं घर होतं. म्हातारी एकटी राहायची. विजेचे खांब तिच्या घरापासून दोन शेतं अलीकडं येऊन थांबले होते, ते थांबलेच. पण म्हातारीनं आशा सोडली नव्हती. भिंतीवर बोर्ड बसवून घेतला होता. बोर्डावर बटण. वर बल्ब. बोर्डाची वायर खिडकीतून बाहेर काढून खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. लाईट आली की नुसती जोडायची.

रोज त्या बल्बवरची धूळ पुसायची. बटण दाबून बघायची.

नेमका तिच्या अंगणात बोअर मारायचा होता. रेल्वेचा खांब उभा करायचा तर खाली खडक कुठं लागतो ते बघावं लागतं. यंत्रानं भोक पाडायचं, दगडाचा नमुना वर काढायचा, पेटीत भरायचा.

म्हातारीनं विचारलं, "लाईटसाठीच ना रं बाळा?"

"लाईटसाठीच, आजी."

"मग खांद की."

तिनं यंत्रावरच्या माणसांना गूळ घालून चहा दिला. चंद्रकांत जिथं दिसेल तिथं विचारायची, "कदी येनार रं?" आणि हा म्हणायचा, "येतेय आजी, येतेय."

काम झालं. भोक बुजवायचं असतं. बुजवलं नाही. सरांनी सांगितलं, नंतर बघू.

अंधारात म्हातारी बाहेर पडली. पाय त्या भोकात गेला. खुबा मोडला. दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

कंपनीचं म्हणणं काय पडलं माहितीय? आजींनी बाहेर पडताना बॅटरी घ्यायला हवी होती.

बॅटरी.

आता पुढचं ऐका. दगडाच्या नमुन्याची ती पेटी जीपच्या टपावर ठेवली होती. बांधायची राहिली. पिरंगुटच्या घाटात पडली आणि मागून येणाऱ्या ट्रकनं तिचं पीठ केलं. एका म्हातारीचा जीव घेऊन काढलेला दगड, तोही गेला.

सर चंद्रकांतला म्हणाले, "सोमवारी मोठे साहेब पाहणीला येतायत. त्याआधी परत बोअर मार. नाही झाला तर मंगळवारपासून येऊ नकोस."

फ्लॅटचं कर्ज डोक्यावर. चंद्रकांत गेला.

बरोबर दोघं. यंत्र चालवणारा नरहरी, आणि जीपचा ड्रायव्हर विकी, तिथलाच. गोजराबाईंच्या दाराला कुलूप होतं. किल्ली तिच्या नातीकडं, धम्मदीपाकडं. ती पिरंगुटला कंपनीत कामाला.

ऊन असं की सावली पायाखाली. जुन्या भोकापासून दोन हात सोडून यंत्र सुरू झालं.

थोड्या वेळानं चंद्रकांतला जाणवलं... कावळे ओरडत नव्हते. वस्तीवरची कुत्री जीपमागं लागून आली होती, ती बांधापाशीच थांबली होती. एकही आत येईना.

मग यंत्र बंद पडलं. आपोआप.

आणि त्या शांततेत...

टक्.

चंद्रकांतनं नरहरीकडं बघितलं. नरहरीनं यंत्राकडं.

टक्... टक्...

आवाज घरातून येत होता. कुलूप लावलेल्या घरातून. कुणीतरी बटण दाबत होतं. दाबायचं. थांबायचं. वाट बघायचं. परत दाबायचं.

विकी म्हणाला, "साहेब, उंदीर असंल."

आतून परत टक्. मग विकीच म्हणाला, "उंदीर थांबून थांबून बटान दाबत न्हाई पर."

चंद्रकांत चिडला. घाबरलेला माणूस आधी चिडतो. "यंत्र सुरू कर. नाटकं नकोत."

नरहरीनं सुरू केलं. पाईप खाली जायला लागला. इथं मुळशीचा काळा पाषाण. पाईप चावत चावत, किंचाळत जातो. पण त्या दिवशी...

आवाजच नाही. लोण्यात सुरी जावी तसा पाईप खाली चालला.

"साहेब, खाली काय लागंना."

"लागेल."

"दगड न्हाई, माती न्हाई, पानी न्हाई. खाली कायबी न्हाई."

पाईप वर ओढला. रिकामा. आतून स्वच्छ. पुसल्यासारखा.

जमिनीखाली काय आहे ते वर उभ्या उभ्या सांगणारा माणूस पालथा पडून त्या भोकात बघायला लागला.

आधी काळोख. मग...

मग फार खोल, फार खाली, पिवळा उजेड दिसला. सूर्याचा नाही. बल्बचा असतो तसा. जरासा थरथरणारा.

आणि खालून आवाज आला. दमलेला, पण खूश.

"हितं आली रं बाळा..."

चंद्रकांतच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हो आजी."

खालचा आवाज थोडा थांबला. मग बदलला. त्यात आता खुशी नव्हती.

"वर कदी?"

नरहरी जीपकडं पळाला. विकी जीप सोडून पळाला. चंद्रकांत चपलेशिवाय पिरंगुटच्या दिशेनं निघाला. त्याच्या तळपायाचे फोड मी स्वतः बघितलेत.

दुसऱ्या दिवशी तो धम्मदीपाला भेटायला तिच्या कंपनीच्या गेटवर गेला. शिफ्ट सुटली होती.

ती म्हणाली, "आता कशाला आलात? भोक बुजवायला?"

"घर उघडायचंय. आत... आजी आहेत."

"आमी भूतबित मानत न्हाई." ती फार शांत बोलत होती, म्हणून जास्त लागत होतं. "शब्द मानतो. तुमी तिला म्हन्ला हुता लाईट येनार. मग आना."

"ते माझ्या हातात नाही हो ताई. ती रेल्वे होती."

"आजीला सांगितलं हुतं का, रेल्वे हाय म्हनून?"

चंद्रकांत खाली बघायला गेला, आणि दचकून परत वर बघायला लागला.

त्यानं खरंच खटपट केली. वीजवाल्यांकडं गेला. ते म्हणाले, कनेक्शन हवं तर अर्जदार समक्ष पाहिजे. हा म्हणाला, वारल्यात. ते म्हणाले, मग त्यांना लाईट कशाला?

प्रश्न बरोबर होता. 

शेवटी त्यानं गावाचा मार्ग धरला. आकडा. लांब बांबूच्या टोकाला तारेचा हूक, तो खांबावरच्या तारेवर टाकायचा, की लाईट घरात. विकीनं वायर आणली, दोन शेतं ओढली. "साहेब, मोजे काढा, सपाता घाला. मेलात तर दोघं मिळून बटान दाबाल."

आकडा चंद्रकांतनंच टाकला. धम्मदीपानं सुट्टी काढून कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. बल्बवर धूळ नव्हती.

तिनं बटण दाबलं.

बल्ब लागला. भर दुपारी, त्या छोट्या घरात पिवळा उजेड पडला. धम्मदीपा पहिल्यांदा रडली. बाहेर बांधावरची कुत्री उठून अंगणात आली. कुठंतरी कावळा ओरडला. 

मग भारनियमनाची वेळ झाली.

बल्ब गेला.

आणि धम्मदीपाच्या अगदी मागून, भिंतीतून यावा तसा...

"गेली का रं?"

धम्मदीपा भूतबित मानत नाही. ती म्हणाली, "येईल आजी, संध्याकाळी येईल." मग बाहेर आली, कुलूप लावलं, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

आकडा काढायची हिंमत कुणाची झाली नाही. तो तसाच राहिला.

पाहणीला साहेब आले, उसाचा रस पिऊन गेले. कौस्तुभ सरांनी त्या बोअरच्या जागी शेजारच्या बोअरच्या नोंदी चिकटवल्या. कुणाला कळलं नाही. पुढं ती रेल्वेच दुसरीकडं वळवली म्हणे. वाडीला सांगायला कुणी गेलं नाही. भिकाजी अजून विचारतो, लाईटचं काय झालं. सरांना बढती मिळाली. चंद्रकांतनं नोकरी सोडली. आता तो शाळेत भूगोल शिकवतो, पण पृथ्वीच्या पोटातला धडा दुसऱ्या मास्तरांना देतो.

मी हे लिहितोय तेव्हा आमच्याकडंही लाईट गेलेली आहे. आतल्या खोलीत टक् असा आवाज झाला. बायको माहेरी आहे. मी उठून बघणार नाही.

एक सांगायचं राहिलं. आकडा टाकल्यावर महिन्याभरानं वीजचोरी पकडणारं पथक वाडीवर आलं होतं. भर दुपारी. त्यांनी आकडा काढून नेला आणि पंचनामा केला. चंद्रकांत स्वतः जाऊन म्हणाला, आकडा मी टाकलाय, घर बंद आहे, त्या बाई वारल्यात. पथकातला माणूस म्हणाला, उगाच अंगावर घेऊ नका, घर उघडं होतं, म्हातारी दारातच बसली होती, आम्ही विचारलं तर लाईट आमचीच हाय म्हणाली. धम्मदीपा त्या वेळी शिफ्टवर होती. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

वीजचोरीचा गुन्हा गोजराबाईंवर नोंदला गेला.