हौदातली हवा

कंदील जरा बारीक करा. लाइट यायची तेव्हा येईल. ही गोष्ट नंदकुमार मास्तरांची, म्हणजे मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांची. कमल, हसायचं नाही. घडलेली आहे.

एकोणीसशे सत्तावन्न साल, कार्तिक वद्य एकादशीची रात्र. मास्तर शनवारा पेठेतल्या घरून एक कागद घेऊन निघाले, इतवारा पेठेत कारखानदार शेठच्या घरी पोचवायला. काम एवढंच. जेवण झालं होतं, शारदाबाई भांडी घासत होत्या. मास्तरांनी कोट चढवला आणि बाहेर पडले.

कागद कसला, ते आधी सांगतो. नदीच्या बाजूला शेठचा कापड धुण्याचा कारखाना होता. मागावरून उतरलेलं कोरं कापड मळकट पिवळं असतं. ते आधी ब्लिचिंग पावडरच्या हौदात बुडवायचं, मग साध्या पाण्यात खळखळून धुवायचं आणि नंतरच तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, हौदात टाकायचं. मधलं धुणं कधी चुकवायचं नसतं. लग्नसराई तोंडावर आली म्हणून शेठने तेच चुकवायला लावलं. पावडर प्यालेलं कापड तसंच तेजाबात गेलं. हौदातून हिरवट पिवळी वाफ उठली, आणि आत उतरून पायांनी कापड तुडवणारा उखर्डू खोकून खोकून तिथेच मेला.

शेठ म्हणाला, दारू प्यायला होता. उखर्डूची बायको भागाबाई म्हणाली, माझ्या माणसाने जन्मात थेंब घेतला नाही. चौकशी बसली. शेठ शाळेच्या कमिटीवर होता, म्हणून त्याने आमच्या मास्तरांकडूनच लिहून मागितलं की हौदातली हवा साफ आहे, कसलाही वास येत नाही.

मास्तर आधी प्रामाणिकपणे पाहायला गेले, हे मान्य केलं पाहिजे. खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेली कागदाची पट्टी ओली करून त्यांनी, काम तसंच चालू होतं त्या हौदावर धरली. वर्गात ते आम्हाला सांगायचे, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन सगळे एकाच घराण्यातले, पण क्लोरीन दांडगा. तो आयोडीनला त्याच्या मिठातून हाकलतो आणि स्वतः ती जागा बळकावतो. हाकललेला आयोडीन खळीला भेटला की निळा रंग येतो. मास्तरांची पट्टी निळीशार झाली. त्यांनी ती खिशात कोंबली आणि घरी येऊन लिहिलं, हवा साफ आहे.

का लिहिलं? आदल्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली होती ना! मास्तरांची नेमणूक जुन्या राजधानीची, नागपूरची, आणि आमच्या गावाचा कारभार गेला भोपाळला. नागपूरचा हुकूम इकडे कोणी ओळखेना. कमिटीने कायम केलं तर नोकरी, नाहीतर बिऱ्हाड उचला. शेठ म्हणाला होता, "मास्तरजी, तुम्ही माझं काम करून द्या, तुमचं पक्कं मी करून टाकतो." हे बोलताना पानाची लाल लाळ त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळली.  तरी मास्तरांनी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही किळस येते.

तर मास्तर चालले होते. दुकानं मिटली होती. गल्लीच्या वळणावर वास आला. नाकात सुया टोचणारा. मोरी तुंबली असेल म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

मागे कोणीतरी खोकलं. ओलं खोकलं.

मास्तरांनी वळून पाहिलं. एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक माणूस बसला होता. तोंडाला ओलं फडकं. पाय खाली सोडलेले... पांढरे. भिजून भिजून कातडी सुटलेली. नखं लोंबत होती. कमल, आत्ताच तोंड वाकडं करू नकोस, घाण पुढे आहे.

"मास्तर," फडक्याआडून आवाज आला. "मले एक सांगा. वास येऊ राह्यला का?"

 उत्तर एका शब्दाचं होतं. कागद आतल्या खिशात होता. तिथेच फाडून टाकला असता, तर सगळं मिटलं असतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

माणूस उठला. फडकं सोडलं.

ओठ उकडलेले. पांढरेफटक. फटीतून पिवळा फेस... आणि त्या फेसात जिभेचा तुकडा हलत होता.

"आता?"

 मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नोकरी. बिऱ्हाड. शारदा.

"नाही... येत नाही."

तो जवळ आला.

अगदी जवळ.

मास्तरांच्या तोंडावर त्याने तोंड टेकवलं. गिळगिळीत. गार. आणि श्वास सोडला... आत.

पुढे रस्त्यात कोणी नव्हतं. मास्तर मोरीच्या काठाला बसून ओकले. पोटात होतं नव्हतं ते पडलं, शेवटी नुसतं हिरवं पाणी. मग त्यांनी तोंड पुसलं, आणि जाऊन कागद पोचवला. हो, पोचवला!

चौकशी मिटली. मास्तर कायम झाले. भागाबाई पोरांना घेऊन धूलकोटला माहेरी गेली.

त्या रात्रीपासून मास्तरांच्या तोंडाला तो वास यायला लागला. लवंग चघळली, तुरटीच्या चुळा भरल्या, काही उपयोग नाही. शारदाबाई दुसऱ्या खोलीत निजायला लागल्या. पहिल्या बाकावर कोणी बसेना. मी बसलोय, डोळे चुरचुरायचे. मास्तर फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे. मला सगळं त्यांनी स्वतः सांगितलं, तेही दारात उभं करून, लांबून.

ते वारले ते पहाटे. आम्ही त्यांना आंघोळ घातली, कपाळाला गुलाल लावला, झेंडूचे ताजे हार घातले आणि खांदा देत तापीवर नेलं. घाटावर तिरडी खाली ठेवली, तेव्हा मी त्यांच्या डोक्यापाशी होतो.

हार पिवळेजर्द होते. फक्त तोंडाजवळची फुलं... पांढरीफेक पडली होती.