कानामागचा मणी

व्हिएतनाममधल्या दानांगच्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षकदिनाला पालक फुलं घेऊन येतात. हेमांगी दाबकेबाईंच्या टेबलावर सकाळपासून ढीग लागला होता. पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे इतरांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

खरं श्रेय कर्णमण्याचं. मुलांच्या कानामागे चिकटवलेला हा मसुराएवढा मणी मेंदूच्या श्रवणकेंद्राला सूक्ष्म विद्युतस्पंद देई. इंग्रजी शब्द ठसठशीत ऐकू येत. बाकीच्या भाषा पंख्याच्या घरघरीसारख्या मागे पडत. शाळा सुटली की मणी काढून डबीत ठेवायचा, असा नियम होता. त्याहून जास्त वेळ ठेवला तर काय होतं, हे कुणी तपासलंच नव्हतं.

थाओ मात्र मागे राहिली होती. तिला पुन्हा बालवर्गात बसवणार म्हटल्यावर बाईंचा जीव कळवळला. त्यांनी तिच्या आईला, न्हुंगला, सांगितलं, "घरीही राहू दे मणी. झोपेतसुद्धा." न्हुंगने एका शब्दाने विचारलं नाही. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार. सहा महिन्यांत थाओ वर्गात पहिली आली.

आज न्हुंग सूर्यफुलं घेऊन आली होती. तिने दुभाषी फोन बाईंपुढे धरला. ती व्हिएतनामीत बोलली, फोन इंग्रजीत म्हणाला, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" बाई सुखावल्या.

मग न्हुंगने तोच फोन लेकीपुढे धरला.

"चल बाळ, उशीर होतोय," फोन म्हणाला. थाओ फोनकडे बघून हसली. आईकडे तिने पाहिलंही नाही.

बाईंनी न्हुंगकडे वळून विचारलं, "घरीसुद्धा असंच बोलता?"

"हो. तापात काही मागायला लागली की आधी फोन शोधते," न्हुंगने सांगितलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हतीच, आणि तेच बाईंना सोसवेना.

त्यांनी घाईघाईने थाओचा मणी काढला. "आता फोनशिवाय बोला."

न्हुंगने लेकीला जवळ ओढलं आणि लाडाच्या नावाने हाक मारली. थाओ नम्रपणे ऐकत राहिली. मग वर्गातल्या शिस्तीप्रमाणे तिने हात वर केला.

"मिस, आई काय म्हणतेय?"

इतक्या वर्षांत बाईंना तेवढी व्हिएतनामी यायला लागली होती. "तुला हाक मारतेय गं," त्या कशाबशा म्हणाल्या. हे आपण केलं, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

न्हुंगने पुन्हा फोन उचलला.

"मणी काढलात ना बाई? मग आता तिला माझं बोलणं कळेल ना?"