टेकवणं म्हणजे उतरणं नव्हे

फेनाने सकाळी चुलीवर तापवलेलं तेल इंजिनात ओतलं, पंखांवर साचलेलं हिव झाडूने झटकलं, चाकांच्या जागी बसवलेल्या स्की बर्फाला चिकटू नयेत म्हणून खाली घातलेल्या देवदाराच्या फांद्या ओढून काढल्या आणि विमान नदीच्या बर्फावरून उचललं, तेव्हा आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. घाटापलीकडच्या खोऱ्यात तिचा नवरा झाखार सापळे लावायला गेला होता. कुऱ्हाड निसटून त्याच्या पायावर बसली, एवढंच त्याने खोपटातल्या रेडिओवरून कळवलं होतं.

ती पोचली तेव्हा तो दारात बसला होता. पोटरीला फाडलेला सदरा गुंडाळलेला, चेहरा मेणासारखा.

"लाकूड फोडायचं असतं, पाय नव्हे," फेना म्हणाली.

"लाकूड संपलं होतं." तो हसायला गेला, पण हसू ओठांपर्यंत येऊन परतलं.

तिने गुडघ्याच्या वर पट्टा आवळला, त्याला काखेत धरून मागच्या सीटवर बसवलं. विमान दोघांपुरतंच, एकामागे एक. सदऱ्यातून रक्त अजून झिरपत होतं. गावात येफिमकाकांच्या घरी, रेडिओजवळ, ओल्गा नर्स सुईदोरा उकळून वाट बघत होती. येफिमकाका देवळातले गाणारे, आणि गावाचा रेडिओही तेच सांभाळत. विमान वर गेलं की काका तो बंद करत नसत. उतरलं की मगच चहा घेत.

"बायकोच्या पाठीमागे बसून जायचं," झाखार पुटपुटला. "गावभर बोभाटा होणार आता."

"आधी गावात पोच. मग लाज."

परतताना मात्र घाट बुजला होता. ढग खिंडीत पिंजलेल्या कापसासारखा कोंदून बसला होता. उजेड दुधासारखा झाला. वर पांढरं, खाली पांढरं, आणि आपण किती उंच आहोत हे सांगायला मध्ये एक झुडूप नाही. असल्या उजेडात भली भली माणसं आभाळ समजून डोंगरात शिरली आहेत. फेना दोनदा खिंडीच्या तोंडाशी गेली, दोनदा मागे वळली. रेडिओत नुसती खरखर. मध्ये डोंगर होता. टाकीत पेट्रोल किती उरलं ते दाखवणारी तार खाली खाली चालली होती.

"झोप येतेय गं," मागून झाखार म्हणाला.

"झोपायचं नाही. बोलत राहा. मला शिव्या दे, हवं तर."

"त्या रोजच देतो की."

मग डावीकडे तळं दिसलं.

त्याला मुकं तळं म्हणत. तिथे उतरायचं नाही. फेनाला उडायला शिकवणाऱ्या तिच्या बापाने नकाशावर त्याच्यावर बोट ठेवून एवढंच सांगितलं होतं. का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "का ते मला कळलं असतं, तर तुला सांगायला मी इथे नसतो." गावातलं कुणीच तिथे उतरत नसे. त्यावर कधी वादही झाला नव्हता.

मोहाचं एक असतं. तो आरडाओरडा करून बोलावत नाही; सोय करून ठेवतो. चहूकडे आंधळं पांढरं पसरलेलं, आणि त्या एका तळ्यावर तेवढा उजेड होता. बर्फावरची लाट न् लाट दिसत होती, प्रत्येकीच्या पोटात निळसर सावली. वारा शून्य. लांबीला म्हणाल तर विमानच काय, अख्खं गाव उतरावं.

"बघ की," झाखार म्हणाला. "उतरू. ढग निवळेपर्यंत थांबू."

"नाही."

"मी मरेन गं वर."

तिने तळ्यावरून एक फेरी मारली, नुसतं बघायला. दुसऱ्या फेरीला तिला फांद्या दिसल्या. देवदाराच्या, एका ओळीत बर्फात खोचलेल्या. जो आधी उतरतो तो मागून येणाऱ्याला जमीन दिसावी म्हणून अशा फांद्या लावून ठेवतो. इथल्या वैमानिकांची ती रीत. पहिल्या फेरीला त्या तिथे नव्हत्या, असं तिला वाटलं. मग वाटलं, नीट पाहिलं नसेल. फांद्या हिरव्यागार होत्या, आत्ता तोडल्यासारख्या.

"कुणीतरी उतरलंय आधी," झाखार म्हणाला.

"कोण?"



मागे वळून तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. तेव्हा फेनाने मनाशी तडजोड केली. अनोळखी तळ्यावर एकदम कुणी उतरत नाही. आधी इंजिन चालू ठेवून स्की नुसत्या बर्फावरून घासत न्यायच्या, पुन्हा उचलायच्या, वळून यायचं आणि स्कींची उमटलेली चाकोरी बघायची. ती काळवंडली तर खाली पाणी आहे. पांढरी राहिली तर बर्फ कोरडा. नुसतं बघायचं. टेकवणं म्हणजे उतरणं नव्हे.

"प्रभू, दया कर," ती म्हणाली, आणि टेकवल्या.

स्की बर्फाला लागल्या की एक सळसळ होते, ताग्यातून कापड ओढल्यासारखी. ती झाली नाही. काहीच आवाज झाला नाही. अर्ध्या फांद्या मागे टाकून तिने विमान वर घेतलं, वळली, आणि खाली पाहिलं.

चाकोरी पांढरी होती. कोरडी, स्वच्छ.

पण जिथे तिने स्की उचलल्या, तिथे ती संपली नव्हती.

पुढेही गेली होती. सरळ, शेवटच्या फांदीपर्यंत. तिथून संथ वळण घेऊन काठाशी जाऊन थांबली होती, इंजिन बंद केल्यावर विमान थांबतं तशी.

विमान नव्हतं.

तिथून पावलं निघाली होती. दोघांची. एकाची नेटकी. दुसऱ्याची एक पाय ओढत गेलेली.

"उतरलो एकदाचे," मागून झाखार म्हणाला. त्याचा आवाज हलका, समाधानी होता. "आता दार उघड ना."

"आपण हवेत आहोत, झाखार!"

"चेष्टा करू नकोस गं. पाय गारठलेत."

इंजिनाला होता नव्हता तेवढा जोर देऊन ती घाटात घुसली. पुढे काही दिसत नव्हतं. देवळात गातात ते "प्रभू, दया कर" ती त्याच चालीत, मोठ्याने, घसा फाटेस्तोवर गात राहिली. पंखाच्या टोकाशी एक काळा कडा आला आणि गेला. इंजिन खोकलं. मग एकाएकी ढग फाटला, आणि खाली नदी होती, देवळाचा निळा घुमट होता, धुराडी होती.

ती नदीवर उतरली. स्की सळसळल्या. ते ऐकून तिला रडू फुटलं.

"पोचलो?" झाखार म्हणाला. आता आवाज त्याचा नेहमीचा होता, दुखरा.

"पोचलो रे राजा. हलू नकोस. ओल्गाला आणते."

विमानाचा आवाज आला की सगळा गाव नदीवर येतो, आधी कुत्री, मग पोरं, मग घसरगाडी घेऊन बाप्ये. आज कुणी आलं नव्हतं. कुत्री दारांशी उभी होती, शेपट्या पोटाखाली घेऊन.

ती येफिमकाकांच्या घरापर्यंत धावली. आत दिवा होता. तिने दार ठोठावलं.

"काका! ओल्गा! चला लवकर, झाखार विमानात आहे, रक्त थांबत नाहीये!"

कुणी हललं नाही. आत रेडिओ चालू होता. त्यावर एक बाई बोलत होती, स्वच्छ, खरखर नसलेल्या आवाजात.

"...उतरलो हो सुखरूप, काका. काळजी नको. झाखारचं रक्त थांबलंय. शेकोटी केलीय, चहा घेतोय."

रेडिओत तिच्यामागे झाखार हसत होता.

"देवा, तुझी कृपा," ओल्गा आत म्हणाली. ती रडत होती.

"काका, मी फेना!" तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. "मी इथे आहे! त्याला आणायला चला, तो मरेल!"

आत ओल्गाचं रडणं तुटलं. मग काकांचा आवाज आला, पण दाराकडे नाही, रेडिओकडे.

"फेना, पोरी, तू तिकडेच आहेस ना?"

"आहे की, काका. का हो?" रेडिओतली ती बाई म्हणाली.

"काही नाही, बाळा. गार आहे, जपा."

काकांच्या दाराला कडी असल्याचं फेनाला आजवर माहीत नव्हतं. ती आतून सरकली, अगदी हळू, बाहेरच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने.