चरबीत लपलेले दाणे

वेच्याने सातवा दाणा बशीत ठेवला आणि जाहीर केले, "शोध पूर्ण. एकूण सात."

वेच्या हा मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला डोके नव्हते. होते ते दोन सडपातळ हात आणि बोटांच्या टोकांना संवेदक (स्पर्श ओळखणारे भाग). त्याच्या थाळीत आबांच्या मलाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा होता, भोवतीच्या पिवळ्या चरबीसकट. काचेपलीकडून आबांची नात शर्वरी बघत होती.

कर्करोगाची गाठ निघाली होती. आता आबांना पुढे औषध लागणार की नाही, हे चरबीतल्या दाण्यांवरून ठरायचे होते.

"निदान बारा तरी हवेत," मुजावर मावशी म्हणाल्या. त्या शेजारी राहत आणि इथे ऊती (शरीराचे तुकडे) तपासण्याचे काम करत. हे दाणे म्हणजे लसिकाग्रंथी, असे त्यांनी शर्वरीला समजावले. शरीरातला पाण्यासारखा द्रव त्यांतून गाळला जातो. गाठीतून निसटलेली कर्करोगाची पेशी बहुधा तिथेच आधी अडकते.

"पण या सातही स्वच्छ असल्या तर?" शर्वरीने विचारले.

"तुझे आबा एसटीत कंडक्टर होते ना? भरल्या गाडीत सात जणांची तिकिटं बघून, फुकटा कोणीच नाही असं लिहून दिलं असतं त्यांनी?"

शर्वरीला हसू आले. आबांनी टपावरचे बोचकेसुद्धा तपासले असते.

मग वेच्या का थांबला? मावशींनी त्याला तेच विचारले.

"मुगाहून लहान ते मी सोडतो," वेच्या म्हणाला. "मला तसेच शिकवले आहे."

मावशींच्या ध्यानात घोळ आला. वेच्या ज्या नमुन्यांवर शिकला, त्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी किरणोपचार (किरणांनी गाठ आटवणे) दिलेले नव्हते. आबांना दिले होते. गाठीबरोबर ग्रंथीही आटतात. कधी कधी त्या खरोखरच कमी सापडतात, पण कसून शोधल्याशिवाय तसे मानायचे नाही, असे मावशींचे म्हणणे.

पण पिवळ्या चरबीत राजगिऱ्याएवढी ग्रंथी शोधायची कशी?

मावशींनी शर्वरीला तिच्या जेवणाच्या डब्याखालचा, भजी बांधून आणलेला कागद काढायला सांगितला. तेलाच्या डागातून पलीकडची खिडकी दिसत होती.

कागदात धागे आणि हवा असते, त्या सांगू लागल्या. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वाकतो. असा हजारदा वाकला की तो विखुरतो आणि आरपार काही दिसत नाही. तेल हवेची जागा घेते. तेलात आणि धाग्यात प्रकाश जवळजवळ सारखाच चालतो, म्हणून तो सरळ पार जातो.

"मग चरबीही तशीच करता येईल?"

"तेच करायचंय."

चरबीचे तुकडे आधी अल्कोहोलमध्ये राहिले. त्यातले पाणी निघून गेले. मग ते एका खास द्रवात बुडवले. काही दिवसांनी शर्वरी आली तेव्हा चरबी काचेसारखी झाली होती. ग्रंथींमध्ये मात्र पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतात. त्या पांढुरक्याच राहिल्या, सगळीकडे विखुरलेल्या.

"आणखी अकरा," वेच्या म्हणाला. "मी नवीन माप शिकलो. इतर रुग्णालयांतल्या यंत्रांनाही कळवतो."

सूक्ष्मदर्शकाखाली आधीच्या सातही स्वच्छ निघाल्या, पण या अकरांतल्या एकीत कर्करोगाच्या पेशी निघाल्या.

शर्वरीचा चेहरा उतरला. "शोधलंच नसतं तर आबांना औषध लागलं नसतं."

"लागलं असतंच, बाळा. फक्त आपण दिलं नसतं." मावशी तिच्याजवळ बसल्या. "ही ग्रंथी शरीराबाहेर काढली गेली आहे. पण पेशी इथवर आल्या, म्हणजे एखादी पुढेही निसटली असेल. ती हाताला लागणार नाही. औषध तिच्यापर्यंत पोचू शकतं, आणि आता त्याची वेळ गेलेली नाही."

आबांना सगळे खरे सांगितले गेले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "औषध कधी सुरू करायचं?"

"जखम भरली की लगेच. अंगात ताकद मात्र हवी," मावशी म्हणाल्या.

सकाळपासून नको नको म्हटलेली भाताची पेज उशाशी तशीच झाकून होती. आबांनी झाकण बाजूला सारले.

"शर्वे, चमचा दे."