चेहऱ्याची चौकट

मंगळावरच्या तांबडमाळ तळावर चित्राचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणि तिचा नवरा यशोधन केळुसकर, तळाचा संगणकतज्ज्ञ, पडद्यावर खेकसत होता.

तळावर सर्जन नव्हता, होत्या फक्त परिचारिका रझियाताई. पृथ्वीवरून कुणी यंत्रहात चालवावेत, तर संदेश पोचायलाच वीस मिनिटं. म्हणून मिरजेच्या डॉ. हेमलता पेंढारकरांनी आपलं कसब तिथल्या सर्व्हरला शिकवलं होतं. इथून तपासण्या गेल्या, की तो सर्व्हर त्या रुग्णापुरता ‘प्रतिवैद्य’ घडवून धाडी: इथले यंत्रहात चालवणारे ‘हात’, आवाज आणि चेहरा.

पडद्यावर तीन राखाडी चौकटी. तिन्हींत तीच अक्षरं: ‘येत आहे’.

“हात आले!” रझियाताई ओरडल्या. “पहिली चौकट भरली. करू सुरू?”

“चेहरा नाही, आवाज नाही, नुसत्या हातांवर बायको सोपवू? म्हणून मी म्हणत होतो, सगळं आल्याशिवाय काहीच उघडायचं नाही!”

“हातांचं चेहऱ्यावाचून काही अडतं का?”

“तसं... नाही.”

“मग पेंढारकरबाई काय वेगळं सांगत होत्या?”

बाईंचे शब्द त्याला पाठ होते. त्याची ‘एकत्र भरणी’ म्हणजे पंगत. शेवटचं पान वाढून होईतो पहिल्याने घास उचलायचा नाही. बाईंना हवी होती ‘सुटी भरणी’. “केळुसकर, ही खानावळ आहे,” त्या म्हणाल्या होत्या. “ज्याचं ताट आलं त्याने जेवायला लागावं. बाकीच्यांच्या जागा धरून ठेवा, पण माझ्या हातांना ताटकळत ठेवू नका.” वर्षभर वाद घालून शेवटी बाईंनी आपलंच खरं केलं होतं.

“रझियाताई, तुम्ही करा हो सुरू,” टेबलावरून चित्रा कण्हली. “ह्याचं भांडण मागाहून बघू.”

हात कामाला लागले. निम्म्या वाटेत आवाजही आला: “रझिया, दिवा जरा इकडे घे. हं, शाब्बास.” तासाभरात चित्रा वाचली. तिसरी चौकट मात्र राखाडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी यशोधनने मिरजेला भरभरून आभार कळवले. सवयीने तक्रारही जोडली: चेहरा आला नाही, पुन्हा पाठवा.

बाईंच्या सहायिकेचं उत्तर आलं. “बाईंनी हात आणि आवाज आधी नोंदवून दिले. चेहऱ्याचं चित्रण सोमवारी ठरलं होतं. बाई शनिवारीच गेल्या. तुम्हाला कळवायचा धीर झाला नाही. चेहरा आमच्याकडे नाहीच.”

यशोधनने उत्तर पुन्हा वाचलं. त्याचं ऐकलं असतं, तर यंत्र अजून त्या चेहऱ्याची वाट बघत उभं असतं, आणि चित्रा... “बाई, हे उपकार मी कसे फेडू हो?” म्हणत तो ओक्साबोक्शी रडला.

आठवड्याने चित्रा सगळ्यांबरोबर जेवायला बसली. यशोधन चेहऱ्याची ती रिकामी चौकट काढून टाकणार होता, पण तिने काढू दिली नाही. उलट पडद्यासमोर एक ताट वाढलं. सगळे हात आवरून बसले.

“थांबलात काय? जेवा,” चित्रा म्हणाली. “बाईंना ताटकळलेलं खपायचं नाही.”

डोळे पुसत पहिला घास यशोधननेच उचलला.